सत्तेचाळीस भोकं

२०२१चा पावसाळा सरला. खंडेनवमीला गाडी धुऊन पुसायला बाहेर काढली, तेव्हा डाव्या पुढच्या दारावर रंगाला फोड आलेले दिसले. सहा फोड, चिंचोक्याएवढे. गंजाचा फोड कुठेही उठतो आणि वेडावाकडा पसरतो. हे सहा मात्र दोरी धरून आखल्यासारखे एका ओळीत होते, वीतभराच्या आतबाहेर अंतर ठेवून.

गाडी बाबांची. १९८६ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, क्रीम रंगाची, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. एप्रिल २०१९ मध्ये मी तिला पूर्ण नवा रंग करून घेतला होता. दोनच वर्षं झाली होती.

बघणाऱ्या प्रत्येकाने पुराचं नाव घेतलं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, असे दोन मोठे पूर कोल्हापूरने लागोपाठ पाहिले, त्यामुळे आमच्याकडे कुठलीही वस्तू बिघडली की आधी पूर आठवतो. पण आमच्या गल्लीत दोन्ही वेळा पाणी आलं नव्हतं. शिवाय पुराचं पाणी दाराच्या मधोमध मोजून फोड आणत नाही.

बाबा खुर्ची टाकून बसले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "अरे, तिथं पट्टी होती."

मग मलाही आठवलं. महाद्वार रोडच्या गर्दीत स्कूटरची हँडलं दारांना घासायची, म्हणून १९९१ मध्ये बाबांनी गाडीला दोन्ही बाजूंनी काळ्या रबराची स्टीलची पट्टी बसवून घेतली होती. ती पॉप रिव्हेटने मारलेली. त्याच दिवशी पुढच्या दोन्ही मडगार्डांवर आरसे आणि डाव्या मडगार्डवर रेडिओची एरियल बसली. "ड्रिल चालू झालं तसा मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो," बाबा म्हणाले. "बघवेना."

२०१९ मध्ये रबर फाटलेलं, स्टील पिचलेलं, म्हणून मी गॅरेजवाल्याला सांगितलं होतं की पट्टी, आरसे, एरियल सगळं काढा आणि भोकं भरून टाका. कशाने भरणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याने लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायचा लगदा, भरली, वर प्रायमर मारला, रंग मारला. गाडी ताब्यात घेतली तेव्हा काचेसारखी दिसत होती.

एका फोडावर मी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. रंग पापडासारखा फुटला, आतून तपकिरी पाणी आलं आणि मागोमाग लांबीचा तुकडा अख्खा निघाला. मधे बुचासारखा दांडा, वर टोपी, अगदी छत्रीसारखा. पत्र्यात पाच मिलिमीटरचं भोक, कडा गंजून पातळ झालेली. १९९१ची धातूची धूळ अजून आत चिकटलेली होती की काय, असं वाटण्याइतका तो गंज जुना होता.

तेव्हा जे कळलं ते सांगतो, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षांचा रंग वाया गेला नसता. दाराचा पत्रा आपण बाहेरून बघतो, पण पाणी त्याच्या दोन्ही बाजूंना असतं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते तसंच उतरायचं असतं, आणि तळाच्या भोकांतून बाहेर जायचं असतं. लांबी म्हणजे राळ आणि शंखजिऱ्याची पूड. तिला पाणी शोषायची सवय आहे. बाहेरून तिच्यावर रंगाचं कवच असतं, आतून ती उघडी. पाणी आतून लांबीत शिरतं, भोकाच्या कापलेल्या कडेपर्यंत पोचतं, तिथे लोखंड उघडंच असतं. गंज फुगतो, लांबीला बाहेर ढकलतो आणि रंगावर चिंचोका उठतो. रंग कितीही भारी मारला तरी त्याला मागच्या बाजूचं काही थोपवता येत नाही.

वर्षभर मी काही केलं नाही. मनच होईना. पुढच्या पावसाळ्यात उरलेल्या तिन्ही दारांवर तशाच ओळी उठल्या, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये गाडी घेऊन उद्यमनगरात मामांकडे गेलो. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, बाबांच्या वेळेपासूनचे डेंटर. वय सत्तरच्या घरात, आता दुकान मुलगा बघतो, आणि काम बहुतेक ट्रकच्या केबिनचं. मी म्हटलं, "मामा, भोकं पत्र्यानेच बुजवायची आहेत. आणि मला स्वतःला करायचं आहे, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

त्यांनी दारावरून तळवा फिरवला. "करशील. पर गडबड न्हाई करायची. पत्रा गडबड सोसत न्हाई."

पहिला आठवडा खोलण्यात गेला. बॅटरी उतरवली. मागच्या बाजूचं काम निघणार म्हणून पेट्रोलची टाकी उतरवून दुकानाबाहेर लांब ठेवली. दारांचे आतले पुठ्ठे, काचा, काचेची मशिनं काढली. काचा काढायच्याच, कारण ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतते आणि तो ठिपका कधीच निघत नाही.

डाव्या पुढच्या दाराच्या तळाशी हात घातला तर मूठभर बारीक लोखंड हाताला लागलं. रिव्हेटची शेपटं. पट्टी काढताना रिव्हेटची डोकी उडवून धडं आत ढकलून दिली होती आणि ती तशीच तळाला पडून होती. चिखल, पानं, गंज आणि ती शेपटं यांनी मिळून पाणी जायची भोकं पार लिंपून टाकली होती. दार आपटलं की येणारी खडखड मी इतकी वर्षं काचेच्या मशिनची समजत होतो. म्हणजे दारात पाणी साचत होतं, आणि ज्या वाटेने ते जायचं ती वाट त्याच पट्टीच्या रिव्हेटांनी बंद केली होती. ते बघून मला खरंच वाईट वाटलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण दोन मिनिटं हात घालून ती शेपटं काढणं अवघड नव्हतं.

मग भोकं मोजली आणि मार्करने नंबर घातले. डाव्या मडगार्डपासून सुरुवात करून मागून फिरून उजव्या मडगार्डपर्यंत. चार दारांवर सहा-सहा, मागच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, पुढच्या मडगार्डांवर चार-चार, आरशांची दोन-दोन, आणि एरियलचं एक मोठं, बावीस मिलिमीटरचं. सत्तेचाळीस.

नंबर घालण्याचं आणखी एक कारण होतं. गाडीत भोकं खूप असतात आणि सगळीच बुजवायची नसतात. तळाची पाणी जायची, रबरी बुचांची, वायरी जायची, मोनोग्रामच्या पिनांची. डिकीवरच्या मोनोग्रामची तीन बारीक भोकं दुकानातल्या पोराने आपली समजून घासायला घेतली होती. ती कारखान्याची. पुढे मोनोग्राम कुठे बसवणार? तेव्हापासून नियम केला की नंबर नाही त्या भोकाला हात नाही.

गाडीला हात लावायच्या आधी मामांनी मला भंगारातून आणलेल्या एका दारावर बसवलं. व्हर्नियर लावून पाहिला, पत्रा ०.९ मिलिमीटर. पॉप रिव्हेटच्या मापाची वीस भोकं पाडली आणि मामांच्या वेल्डिंगच्या सीओटू मशिनने भरायला घेतली. पहिल्याच भोकाला ट्रिगर दाबला आणि पाच मिलिमीटरचं भोक पंधराचं झालं. कडा वितळून खाली गळून पडली. मशिनला ट्रकच्या कामाची १.२ मिलिमीटरची तार होती आणि गॅस निव्वळ कार्बन डायऑक्साइड. पातळ पत्र्याला ही आग फार. दुसऱ्या दिवशी ०.८ ची तार आणि आर्गॉन मिसळलेला गॅस आणला, करंट खाली घेतला, तरी दहातली चार भोकं फुटतच होती.

तेव्हा मामांनी मुलाला फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात पाठवून तांब्याच्या नळीचा हातभर तुकडा मागवला. ऐरणीवर ठोकून टोकाकडे चपटा केला, चमच्यासारखा. "हे मागनं दाबून धर. घट्ट. फट ऱ्हायली तर उपेग न्हाई."

मला ते पटेना. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते, तांबं १०८५ लाच वितळतं, मग तांबं टिकणार कसं? पण तांबं उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की एका सेकंदाच्या ठिणगीत त्याचं काही बिघडत नाही. वितळलेली तार त्याला चिकटत नाही, मागून आधार मिळतो, भोकाच्या कडेचा ताप तांब्यात जातो. कडेवर टेकवायचं, अर्धं वर्तुळ फिरवायचं, मधे यायचं, सोडायचं. मनात "एक" म्हणेपर्यंत काम होतं. तांबं काढलं की मागची बाजू नाण्यासारखी सपाट. वीसच्या वीस भोकं भरली, मग आणखी वीस पाडली आणि तीही भरली. भंगारच्या दारावर घालवलेले ते तीन दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. भंगाराचं दार फुटलं तर कुणाचं काही जात नाही.

मग गाडी. प्रत्येक भोकाभोवती तळहाताएवढी जागा दोन्ही बाजूंनी चकचकीत लोखंडापर्यंत घासली. आतल्या बाजूचा रंग आणि डांबर राहिलं तर ते पेटतं आणि त्याचा धूर वेल्डमध्ये छिद्रं पाडतो. गंजलेली कडा कानशीने घासून ताजी केली. मग भोकावर गोल डोक्याचा पंच ठेवून हातोडीचा एकच हलका ठोका, म्हणजे कडा केसभर आत बसते, बशीसारखी. भरलेलं लोखंड त्या बशीत राहतं आणि नंतर घासायला कमी उरतं.

घासण्याबद्दल मला वाटतं लोक सगळ्यात जास्त चुकतात. वेल्ड करताना जो ताप देत नाही तो घासताना देतात. वर आलेला टेंगूळ फक्त टेंगूळच घासायचा, बाजूचा पत्रा नाही, नाहीतर ०.९ चा पत्रा ०.५ चा कधी झाला ते कळत नाही. कटिंग डिस्कच्या कडेने डोकं उतरवायचं, शेवटी ऐंशी नंबरची फ्लॅप डिस्क नुसती टेकवायची. पत्रा निळा दिसू लागला की मामा लांबूनच ओरडायचे.

पाळी लावून घेतली होती. या दाराचं एक भोक, मग समोरच्या दाराचं, मग मडगार्डचं. एका भोकाला हात लावला तर ते शेजारच्या पत्र्याइतकं थंड लागल्याशिवाय जवळचं घ्यायचं नाही. पाणी मारायचं नाही, हवा मारायची नाही. अशाने दिवसाला सहा-सात भोकं व्हायची. बघणाऱ्याला वाटेल की माणूस बसूनच आहे.

एके दिवशी मी ही पाळी मोडली. संध्याकाळ झाली होती, उजव्या मागच्या दाराची एकतीस ते पस्तीस एवढीच भोकं दारांपैकी राहिली होती, आणि मामा घरी गेले होते. पाच भोकं मी लागोपाठ घेतली. दिसायला उत्तम झाली. सकाळी येऊन दारावर अंगठा दाबला तर पत्रा डबक करून आत गेला, आणि सोडल्यावर डबक करून बाहेर आला. अख्खा मधला भाग सैल पडला होता.

मला वाटलं पत्रा तापून वाढला, तर आता तापवून आकसवायला हवा. गॅसची बत्ती, लाल ठिपका, ओलं फडकं, हे मी पाहिलेलं होतं. बत्ती पेटवणार एवढ्यात मामा आले. त्यांनी बत्ती बंद केली, डोळे मिटून दारावर हात फिरवला आणि मला समजावलं. पत्रा वाढलेला नाही. वेल्ड थंड होताना आकसतो आणि आजूबाजूच्या पत्र्याला आपल्याकडे खेचतो. पाच वेल्ड एका ओळीत एकदम आकसले, ओळ आखूड झाली. वरचा आणि खालचा पत्रा आहे तेवढाच आहे, पण मधली दोरी आवळली गेली, म्हणून तो सैल वाटतोय. त्यात आणखी आकसवलं तर दार कायमचं गेलं. "जिथं आकसलंय तिथंच वाढव. मागं डॉली धर, वरनं हातोडी. वेल्डावर मार, दुसरीकडं न्हाई."

डॉली, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, आतून वेल्डला चिकटवून धरली आणि बाहेरून चपट्या हातोडीने बारीक, मोजके ठोके दिले. ठोका डॉलीवर बरोबर बसला की खणखणीत आवाज येतो, हुकला की बद्द येतो. कानाने काम कळतं. प्रत्येक वेल्डवर आठ-दहा ठोके, मग हात फिरवून बघायचं, मग पुढचा. चौथ्या वेल्डपर्यंत डबक मऊ झालं, पाचव्याला थांबलं. दाबलं तर पत्रा आता ताठ. पूर्ण दोन तास लागले. मग उरलेल्या दिवसांत मी प्रत्येक वेल्डवर थंड झाल्यावर चार ठोके मारूनच पुढे गेलो, सैल पडो न पडो.

एरियलचं भोक वेगळं. बावीस मिलिमीटर नुसत्या तारेने भरायचं म्हणजे मडगार्डचा तेवढा भाग तापवून वाकडा करणंच. भंगारच्या दारातून तेवढ्याच जाडीची चकती कापली, कानशीने घासत घासत भोकात सैलसर बसेल अशी केली, चुंबकाने धरली आणि चार दिशांना चार ठिपके दिले. मग समोरासमोरच्या ठिपक्यांच्या मधे एक, थांबायचं, परत एक. चकती बसवायला एक दिवस गेला.

आता राहिली चार. मागच्या बाजूंच्या दहा भोकांपैकी सहांच्या मागे डिकीतून हात पोचत होता. चाकाच्या कमानीजवळची चार, म्हणजे नंबर वीस, एकवीस, अठ्ठावीस आणि एकोणतीस, यांच्या मागे बंद पेटी होती. तांबं धरायला जागा नाही, आत काय आहे ते दिसत नाही, आणि वेल्डने आतला उरलासुरला जुना रंग जळाला तर तो परत लावायला ब्रश जात नाही.

मामा म्हणाले, "तिथं कथील."

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता, कोळशाची खळगी, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील काळ्या पातेल्यात चांदीसारखं पसरायचं. मामांच्या तरुणपणी गाडीच्या पत्र्याचं बारीक काम लांबीने नव्हे, शिसं-कथिलाने व्हायचं. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. ही मिसळ १८३ अंशांना मऊ पडू लागते आणि साधारण २५५ ला पूर्ण पातळ होते. मधल्या पट्ट्यात ती लोण्यासारखी असते, लाकडाच्या पट्टीने थापता येते. वेल्डच्या मानाने हा ताप काहीच नाही, पत्रा हलत नाही.

चारही भोकांची बशी नेहमीपेक्षा थोडी खोल केली. तुपाच्या डब्याच्या पत्र्याच्या बोटाच्या पेराएवढ्या चकत्या कापल्या, कारण त्या पत्र्यावर आधीच कथिलाचा मुलामा असतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे विरघळवून केलेलं पाणी ब्रशने लावलं, बशीला आधी कथिलाचा पातळ हात दिला, चकती बसवली, बत्तीची मऊ ज्योत लांबून फिरवत वर शिसं-कथील थापलं. थंड झाल्यावर ते कानशीने उतरवायचं, मशिनने कधीच नाही. शिशाची पूड हवेत उडाली की ती फुप्फुसात जाते. कीस कागदावर गोळा केला, हात साबणाने धुतल्याशिवाय चहा घेतला नाही. मग खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तिथलं ॲसिड दोनतीनदा धुऊन काढलं.

अशी सत्तेचाळीसही झाली, त्रेचाळीस वेल्डने, चार कथिलाने. त्या दिवशी बाबांना रिक्षाने घेऊन आलो. दाराला रंग नव्हता, नुसता पत्रा, त्यावर एका ओळीत राखाडी ठिपके. त्यांनी त्या ओळीवरून बोट नेलं, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, आणि परत आणलं. "लागत न्हाई रे हाताला," एवढंच म्हणाले.

पुढचं काम मी आधी आतून केलं, बाहेरून नंतर. प्रत्येक वेल्डच्या मागे तारेचा ब्रश, मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, ब्रशने दोन हात. तो वाळल्यावर दारांच्या आत आणि त्या चार भोकांमागच्या पेटीत लांब नळीने मेण फवारलं. तळाची भोकं तारेने मोकळी केली आणि प्रत्येक दारात तांब्याभर पाणी ओतून ते सरळ खाली येतंय हे पाहिलं. बाहेरूनही आधी इपॉक्सी आणि मग त्यावर लांबी, उघड्या लोखंडावर नाही.

लांबी लागतेच. ती वाईट नाही, तिला भोकाचं काम द्यायचं नाही एवढंच. पातळ साय यावी तितकी, कुठेही मिलिमीटरच्या वर नाही. हार्डनर वजनाच्या दोन टक्के, शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम. गॅरेजमध्ये तो अंदाजाने पिळतात आणि उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त असं करतात. मी सोनाराचा काटा आणून मोजला. हार्डनर जास्त झाला की तो पुढे रंगातून डाग होऊन वर येतो. फेब्रुवारीच्या दुपारी चार मिनिटांत लांबी घट्ट व्हायची, म्हणून थोडी थोडी कालवली.

इथे मामांशी माझा एकच वाद झाला. लांबी पाण्याने घासायची ही दुकानातली जुनी पद्धत, धूळ उडत नाही आणि कागद टिकतो. पण जी लांबी पाणी पिते म्हणून हे सगळं रामायण घडलं तिलाच पाणी पाजायचं? मी मास्क लावून सगळी कोरडी घासली, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, ऐंशी, मग एकशेऐंशी, मग तीनशेवीस. मामांनी दोन दिवस नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच मुलाला म्हणाले, केबिनची बी कोरडीच घास. पाणी लावलं ते थेट सरफेसर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, चढल्यानंतर, त्यावर काळ्या रंगाची हलकी फुंकर मारून. घासताना काळं जिथे राहतं तिथे खळगा, जिथे आधी निघतं तिथे उंचवटा. पस्तीस नंबरचं वेल्ड अजून उंच आहे हे त्या काळ्यानेच दाखवलं.

रंग मारणाऱ्याकडे गाडी दिली ती मार्च २०२३ मध्ये. आरसी बुकात लिहिलेला तोच क्रीम रंग. त्यात माझं काम काही नव्हतं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी चारही दारांचे पुठ्ठे काढले आणि मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिलं. मेणाखाली इपॉक्सी तसाच, तळ कोरडा, भोकं मोकळी. बाहेरून दारांवर, मडगार्डांवर, एरियलच्या जागी काही नाही. उन्हात तिरकं बघितलं तरी ओळ दिसत नाही.

उजव्या मागच्या कमानीजवळ बोटाला मात्र काहीतरी लागलं. मोहरीएवढं. डोळ्यांना जेमतेम दिसेल असं. वहीत पाहिलं, नंबर अठ्ठावीस. कथिलाचं. बाहेरचं ॲसिड मी सोड्याने धुतलं होतं, पण चकती बसवताना त्यातलं थोडं भोकातून पेटीत उतरलं असणार, आणि तिथे माझं सोड्याचं पाणी पोचलंच नाही. वर मेण फवारलं ते त्या ॲसिडवरच.

मामांना घेऊन आलो. त्यांनी त्यावर नख फिरवलं, डिकी उघडून आतून पेटीवर बोटाने टकटक केलं.

"आतनं उघडाय लागंल," ते म्हणाले. "चाकाच्या कमानीतनं खिडकी कापू. हात जाईल एवढी. धू, बघ, मग परत बंद कर."

एकोणतीसही तिथेच आहे, आणि डाव्या बाजूची वीस आणि एकवीस त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या पाण्याने केलेली. दिवाळी झाली की चारही उघडायची ठरली. मी अठ्ठाविसाभोवती खडूने गोल काढला, खाली तारीख घातली आणि गाडी हारासाठी पुसायला घेतली.